ब्रा पाठीवर चढते, स्ट्रॅप घसरतो, वायर टोचते: माप कुठे चुकतं आणि कसं दुरुस्त करायचं

सकाळी नीट घातलेली ब्रा दुपारपर्यंत पाठीवर चार बोटं वर सरकलेली असते. मागून खाली ओढायची, पुढून सारखी करायची, स्ट्रॅप अजून थोडा आवळायचा. तासाभरात पुन्हा तेच. नवी ब्रा आणली की महिनाभर बरं वाटतं, मग तीच तक्रार सुरू होते. असं दर ब्राच्या बाबतीत होत असेल तर दोष तुमच्या शरीरात नाही आणि बहुतेक वेळा कापडातही नाही. बँडचं माप मोठं आणि कप लहान, अशी चुकीची जोडी वर्षानुवर्षं घेतली जातेय. दुकानात 'ही घट्ट होतेय' म्हटलं की ३४ च्या जागी ३६ काढून दिली जाते आणि चूक तिथेच पक्की होते.

वजन पेलायचं काम बँडचं आहे, खांद्यांचं नाही. बँड म्हणजे बरगड्यांभोवती आडवी बसलेली एक कडी. ती सैल असली की पुढच्या वजनाने तिरकी होते: पुढची बाजू खाली जाते, पाठीची वर. मग आपण स्ट्रॅप आवळतो. पण स्ट्रॅपचं मागचं टोक त्याच बँडला शिवलेलं असतं, त्यामुळे जितका आवळाल तितका पाठीचा बँड आणखी वर खेचला जातो. खांद्यावर वळ उठतात, मान भरून येते आणि छाती होती तिथेच राहते. म्हणून तपासायचा क्रम कायम एकच ठेवा: आधी बँड, मग कप, सगळ्यात शेवटी स्ट्रॅप.

अंगातल्या ब्राची उलटी चाचणी

बँड घट्ट वाटतोय की कप लहान पडतोय, हे नुसतं घालून कळत नाही. कप लहान असला की छाती बँडमधली लांबी खाऊन टाकते. सगळी ब्रा पुढे खेचली जाते आणि दोष बँडचा वाटतो. त्यासाठी ब्रा उलटी घाला: कप पाठीवर, हुक पुढे, छातीच्या बरोबर खाली. स्ट्रॅप हातात घालू नका. हुक सगळ्यात बाहेरच्या, म्हणजे सैल घरात लावा.

आता नुसता बँड आणि तुमचा घेर, मध्ये काहीही नाही. हुकाजवळ दोन बोटं आडवी सहज गेली आणि श्वास मोकळा चालला, तर बँड बरोबर आहे. बँड धरून अंगापासून दोन इंचांहून बराच पुढे ओढता येत असेल तर तो सैल आहे. हुक लावतानाच दम लागला, तर खरोखर घट्ट आहे. पण सरळ घातल्यावर आवळणारी ब्रा उलटी घातल्यावर आरामात बसली, तर बँडला हात लावू नका. तुम्हाला मोठा कप हवाय. '३४ बी घट्ट होते' म्हणून ३६ बी घेणाऱ्या कितीतरी जणींना खरं तर ३४ सी किंवा ३४ डी लागत असते.

माप घेताना

शिंप्याची कापडी टेप घ्या. जुनी टेप ताणून लांब झालेली असू शकते, म्हणून एकदा पट्टीशी ताडून पाहा. माप उघड्या अंगावर किंवा पातळ, पॅड नसलेल्या ब्रावर घ्या. कुर्त्यावरून घेतलेलं माप इंच-दीड इंचाने चुकतं, आणि ब्रामध्ये इंच-दीड इंच म्हणजे फार झालं.

छातीखालचा घेर: टेप छातीच्या अगदी खाली, बरगड्यांवर, सगळीकडून जमिनीला समांतर. पाठीवर टेप वर चढते ती इथेच, म्हणून आरशात बाजूने पाहा किंवा कुणाला तरी मागून धरायला सांगा. श्वास पूर्ण सोडा आणि टेप अंगाला चांगली चिकटेल इतपत ओढा, पण मांसात रुतवू नका. हा आकडा सेंटिमीटरमध्ये लिहा.

छातीचा घेर दोनदा घ्यायचा. एकदा सरळ उभं राहून, सगळ्यात भरलेल्या भागावरून, टेप सैलसर ठेवून. दुसऱ्यांदा कमरेतून वाकून, पाठ जमिनीला समांतर करून. छाती मऊ असेल, बाळंतपण झालेलं असेल किंवा वजन उतरलेलं असेल तर उभ्याने घेतलेलं माप कमी भरतं, कारण छाती खाली आणि बाजूला पसरलेली असते. दोन्ही मापांची सरासरी धरा.

आता हिशेब. घेर ३० इंच, म्हणजे ७६ सेंमी. उभ्याने छाती ३६ इंच, वाकून ३७. सरासरी ३६.५ इंच, म्हणजे साधारण ९२.७ सेंमी. फरक साधारण साडेसोळा सेंमी.

सेंटिमीटरच्या तक्त्यात बँड पाच-पाच सेंमीने वाढतो. ६८ ते ७२ घेराला ७०, ७३ ते ७७ ला ७५, ७८ ते ८२ ला ८०, ८३ ते ८७ ला ८५, ८८ ते ९२ ला ९०. आपल्याकडच्या टॅगवर हेच आकडे अनुक्रमे ३२, ३४, ३६, ३८, ४० असे येतात. कित्येक टॅगवर दोन्ही छापलेले असतात. कप फरकावरून ठरतो: १२ ते १४ सेंमी ए, १४ ते १६ बी, १६ ते १८ सी, १८ ते २० डी. त्यापुढे ब्रँडनुसार अक्षरं बदलतात. कुणी डी नंतर डीडी देतं, कुणी थेट ई. आपल्या उदाहरणातल्या बाईचं माप ७५ सी, म्हणजेच ३४ सी.

घेर इंचात ३० आणि टॅग ३४ का? टॅगवरचा ३४ हा घेर नाहीच. इंचाच्या जुन्या पद्धतीत घेरात चार किंवा पाच मिळवून सम आकडा काढतात, तो बँडचा नंबर. गोंधळ होतो तो हे दोनदा मिळवल्यामुळे. तक्त्यात '७३ ते ७७ घेर = ३४' असं लिहिलेलं असताना आधीच ३० मध्ये ४ मिळवून ३४ काढायचे, मग तक्त्यात ३४ इंच घेर शोधायचा, आणि हातात येते ३८. तक्त्यात घेर दिलेला असेल तर काहीही मिळवू नका. उलट काही ब्रँड, विशेषतः परदेशी, घेराचा आकडाच बँडचा नंबर मानतात. त्यांच्या हिशेबाने याच बाईचा बँड ३० होतो आणि कपचं अक्षर बरंच पुढचं येतं. लंडनहून किंवा न्यू जर्सीहून कुणी ब्रा आणणार असेल तर त्यांना '३४ सी' असं न सांगता दोन्ही घेर सेंटिमीटरमध्ये कळवा. ते कुठल्याही तक्त्यात बसतात.

घेर ७७.५ सेंमी आला तर? बरगड्या हाताला लागत असतील तर वरचा बँड घ्या, कारण हाडावर आवळलेलं सहन होत नाही. अंग मऊ असेल तर खालचा, कारण बँड थोडा आत दबून मगच स्थिर होतो.

कपचं अक्षर एकटं काही सांगत नाही

हे नीट समजून घ्यायलाच हवं, कारण 'डी म्हणजे खूप मोठी' या समजुतीपायी अनेक मुली आणि बायका योग्य माप मागायलाच संकोचतात. कपात किती मावतं हे अक्षर आणि बँड मिळून ठरवतात. ३४ सी, ३२ डी आणि ३६ बी या तिन्हींचा कप जवळजवळ सारखाच असतो. बँड एक नंबर खाली आणला की कप एक अक्षर पुढे न्यायचा, बँड एक वर नेला की कप एक मागे. सडपातळ मुलीला ३२ डी लागणं यात जगावेगळं काही नाही. त्यात ३४ सी पेक्षा जास्त छाती मावत नाही.

याचा दुकानात थेट उपयोग होतो. ३४ सी घातली, कप छान बसला पण बँड सैल आहे, तर ३२ डी मागा. ३२ सी नको, तिचा कप लहान पडेल. पण या अदलाबदलीने एकच पायरी हला. ३४ सी ऐवजी ३८ ए घेतली तर कागदावर कप जुळतो, पण स्ट्रॅप लांब-लांब बसतात आणि बँड पाठीवर फिरत राहतो.

ट्रायल मिळत नाही तिथे टेपने तपासा

तुळशीबागेत, दादरला किंवा तालुक्याच्या होजिअरीच्या दुकानात ब्रा घालून बघायची सोय नेहमी मिळत नाही, आणि परतही घेत नाहीत. पण टेप पर्समध्ये ठेवायला कुणाची हरकत नाही. ब्रा उघडी आडवी धरा आणि हुकापासून सगळ्यात बाहेरच्या घरापर्यंत बँड खालच्या कडेने मोजा. आधी न ताणता, मग दोन्ही हातांनी पुरती ताणून. तुमचा घेर ७६ असेल तर पुरता ताणलेला बँड ७८ ते ८२ च्या आसपास थांबायला हवा. ताणून ९० पर्यंत गेला तर टॅगवर काहीही लिहिलेलं असो, तो तुमच्यासाठी सैल आहे. ७३ लाच अडला तर घट्ट होणार. एकाच नंबरच्या दोन मॉडेलमध्ये, कधी कधी तर एकाच मॉडेलच्या काळ्या आणि स्किन रंगात, हा फरक दोन-तीन सेंटिमीटरचा निघतो. कापड आणि रंगाई वेगळी असली की ताण बदलतो. म्हणून 'मागच्यासारखीच द्या' म्हणताना रंग वेगळा असला तरी टेप लावा.

हुकांच्या पट्टीवर सहसा उभ्या तीन रांगा असतात, दोन रांगांमधलं अंतर साधारण अर्धा इंच. नवी ब्रा बाहेरच्या रांगेत बरोबर बसली पाहिजे. आतल्या दोन रांगा पुढच्या महिन्यांसाठी आहेत: इलॅस्टिक जसजसं ढिलं पडेल तसतसं आत सरकायचं. नवी ब्रा पहिल्याच दिवशी आतल्या रांगेत लावावी लागली, तर सहा महिन्यांनी तुमच्या हातात काहीच उरणार नाही. महिनाभर बरं वाटून पुन्हा तक्रार सुरू होते, तिचं सगळ्यात साधं कारण हेच.

घालायची रीत

माप बरोबर असूनही निम्म्या तक्रारी घालण्याच्या घाईमुळे होतात. पुढे हुक लावून ब्रा फिरवून मागे नेली तरी चालते, पण फिरवताना वायर आणि इलॅस्टिक पिळवटतात, म्हणून जमत असेल तर हुक मागेच लावा. मग थोडं पुढे वाका. उजवा हात डाव्या कपात घाला आणि काखेकडे, बाजूला राहिलेला छातीचा भाग पूर्ण पुढे, कपात आणा. दुसऱ्या बाजूलाही तसंच. सरळ उभ्या राहा आणि पाठीचा बँड दोन बोटं खाली ओढा. मागचा बँड पुढच्या बँडच्या सरळ रेषेत किंवा किंचित खाली असावा.

हे केल्यावर काल बरोबर वाटलेला कप आज वरून भरून येतो असं बऱ्याचदा दिसतं. छातीचा जो भाग रोज काखेत दबून राहत होता, तो आता त्याच्या जागी आला. खरं माप तेच.

एकेक तक्रार

कपाच्या वरच्या कडेवर छाती दुमडून दोन फुगे दिसतात किंवा टी-शर्टवरून आडवी रेघ उमटते: कप लहान. बँड तोच ठेवा आणि एक अक्षर पुढे जा.

कप वरून रिकामा राहतो, वाकलं की आतलं दिसतं: लगेच लहान कप घेऊ नका. आधी छाती पुढे आणून पाहा, स्ट्रॅप अर्धा इंच कमी करून पाहा. तरीही वर पोकळी आणि खाली-बाजूला मात्र भरलेलं असेल, तर माप बरोबर आणि आकार चुकीचा आहे. दूध पाजून झाल्यावर, वजन उतरल्यावर, वय वाढल्यावर छातीचा वरचा भाग सपाट होतो. तिथे साच्यातला जाड फोमचा, वरपर्यंत झाकणारा कप उभाच राहतो. त्याऐवजी कमी उंचीचा कप किंवा मऊ कापडाचा, मध्ये शिवण असलेला कप घ्या. लहान कप घेतलात तर वरची पोकळी राहीलच, शिवाय वायर बाजूला टोचायला लागेल.

वायर काखेकडे टोचते: वायर छातीच्या खालच्या घडीत बसून काखेच्या मध्याकडे वळायला हवी. बोट लावून पाहा, वायर बरगडीवर आहे की छातीच्या मांसावर? मांसावर असेल तर कप लहान. बरगडीवर असूनही वर काखेत लागत असेल तर तुमच्या उंचीला कपाची बाजू जास्त उंच आहे, कमी उंचीचं मॉडेल घ्या. मध्ये, दोन छात्यांच्या मधे टोचत असेल आणि छात्या एकमेकींजवळ असतील तर मधला जोड अरुंद आणि खोल गळ्याचा घ्या. मधला जोड अंगाला न टेकता पुढे उभा राहत असेल तर बहुधा कप लहान आहे.

वायरचं टोक शिवण फोडून बाहेर आलं असेल तर ते आत ढकलून जाड दोऱ्याने तोंड बंद करता येतं. पण वाकडी झालेली वायर सरळ करत बसू नका, ती पुन्हा तिथूनच वाकते आणि जखम करते. दोन्ही बाजूंच्या वायरी काढून टाका, नाहीतर ब्राच टाकून द्या.

स्ट्रॅप खांद्यावरून घसरतो: बँड सैल असेल तर आधी तो बदला. बँड बरोबर असूनही घसरत असेल तर खांदे उतरते किंवा अरुंद आहेत. अशा वेळी पाठीवर स्ट्रॅप जवळजवळ येणारं मॉडेल घ्या किंवा दोन्ही स्ट्रॅप पाठीवर जोडणारी छोटी क्लिप लावा. हुक एक्स्टेंडर, म्हणजे बँड लांबवायला हुकांना जोडायची जादा पट्टी, लावलाय का तेही पाहा. तो मधोमध जोडला जातो, त्यामुळे स्ट्रॅप एकमेकांपासून आणखी लांब जातात आणि घसरायला लागतात. गरोदरपणात काही आठवडे काढायला एक्स्टेंडर ठीक आहे, कायमचा उपाय म्हणून नको.

स्ट्रॅपखाली दोन बोटं जायला हवीत. एक छाती दुसरीपेक्षा मोठी असणं अगदी सर्रास आहे. कप मोठ्या बाजूच्या मापाचा घ्या आणि लहान बाजूचा स्ट्रॅप थोडा कमी करा किंवा तिकडे पातळ पॅड सरकवा. दोन्ही स्ट्रॅप सारखेच असले पाहिजेत असं काही नाही.

पाठीवर मांसाची वळी दिसते म्हणून सैल बँड घेतला जातो. पण वर चढलेला सैल बँड पाठीच्या मऊ भागात रुततो आणि वळी आणखी दिसते. खाली, आडवा बसलेला, तीन-चार हुकांचा रुंद बँड तिथे जास्त सपाट बसतो.

आहे ती ब्रा वाचवायची असेल तर

कप उत्तम आणि फक्त बँड ढिला असेल तर परिसरातल्या शिलाईवाल्या ताईंकडून दुरुस्ती होते. हुकाची आणि घरांची अशा दोन्ही पट्ट्या उसवायच्या, बँडची दोन्ही टोकं सारखी कापायची, प्रत्येकी पाऊण इंचापर्यंत, आणि पट्ट्या पुन्हा शिवायच्या. शिवण झिगझॅग हवी. सरळ टीप घातली तर बँड ताणताच दोरा तुटतो, आणि ही दुरुस्ती फसते ती बहुतेक वेळा याच कारणाने. कापताना स्ट्रॅपची मागची शिवण किती जवळ येतेय ते पाहा. त्यात हात घातला की ब्रा बिघडते.

इलॅस्टिकच मेलं असेल तर मात्र दुरुस्ती करू नका. ओळखायचं कसं? बँडची खालची कड नीट पाहा. ती सरळ न राहता पापडाच्या काठासारखी लाटा-लाटांची झालेली असते, आणि कापडातून केसासारखे बारीक, पांढरे, कुरळे धागे बाहेर आलेले असतात. ते तुटलेलं इलॅस्टिक. ताणून सोडलं की बँड झटकन परत येत नाही, सावकाश येतो.

ते लवकर मरू नये म्हणून: गरम पाण्यात भिजवू नका, ब्लीच नको, इस्त्री नको, ड्रायर तर नकोच. मशीनला लावायची तर हुक लावून जाळीच्या पिशवीत. पिळू नका, पंच्यात दाबून पाणी काढा. स्ट्रॅपला लटकवून वाळवली तर ओल्या कपांच्या वजनाने स्ट्रॅप लांबतात, म्हणून बँडने किंवा मधल्या जोडावर दोरीला टाका. उन्हात तासन्‌तास ठेवू नका. एकच ब्रा सलग दोन दिवस घालू नका, ताणलेलं इलॅस्टिक मूळ जागी यायला वेळ लागतो. वापरात किमान तीन ठेवा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात चार, कारण फोमचा कप दोन-दोन दिवस दमट राहतो. दमट ब्रा घातली की छातीखालच्या घडीत घामोळं आणि बुरशी होते. तिथली त्वचा लाल, ओलसर, खाजरी राहत असेल तर पावडर थापत बसू नका, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. गाठ लागली, एकाच बाजूला स्राव येतोय, त्वचा आत ओढली गेलीय, असं काही दिसलं तर ते मापाचं प्रकरण नाही. थेट डॉक्टरांकडे जा. वायरच्या किंवा काळ्या ब्रामुळे कॅन्सर होतो ही भीती मात्र मनातून काढून टाका, त्याला आधार नाही.

माप वर्षातून एकदा घ्याच. वजन चार-पाच किलोंनी बदललं, बाळंतपण झालं, दूध पाजणं थांबलं की पुन्हा घ्या. पाळीच्या आधी छाती भरून येते, त्या आठवड्यात मापं घेऊ नका आणि खरेदीही नको. दूध पाजतानाची ब्रा आठव्या महिन्यात घ्यायची तर बँड तेव्हा बाहेरच्या रांगेत बसेल असा घ्या, कारण बाळंतपणानंतर बरगड्यांचा घेर कमी होतो आणि दूध आल्यावर कप मात्र वाढतो. 

आणि माप बदलल्यावर ब्लाउजचा प्रश्न येतोच. बरोबर मापाची ब्रा घातली की छातीचं टोक इंच-दीड इंच वर जातं. जुन्या ब्लाउजचे टक्स आणि कटोरी खालच्या जागी बेतलेली असतात, त्यामुळे वर चुण्या पडतात आणि खाली कापड सैल राहतं. अशा वेळी ब्रा चुकली असं समजून जुनीकडे परत जाऊ नका. टक्सला शिवणीत माया असेल तर शिंपी ते वर घेऊन देतो. नवा ब्लाउज टाकताना मापाचा म्हणून जुना ब्लाउज पाठवू नका. नवी ब्रा घालून स्वतः जा आणि खांद्यापासून टोकापर्यंतचं माप पुन्हा घ्यायला सांगा.